गुण इंग्रजीचे, मोजमाप कशाचे?

कोल्हापूर : गुढीपाडवा जवळ आला की जरगनगरातील महापालिकेच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरासमोर पालकांची रांग लागते. पहिलीचा प्रवेश हुकू नये म्हणून काही पालक आदल्या रात्रीच येऊन बसतात, ही बातमी कोल्हापूरकरांना आता नवी राहिलेली नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांची संख्या वाढत असताना महापालिकेच्या मराठी शाळेसाठी अशी झुंबड उडावी, ही समाधानाची बाब आहे. मात्र, महापालिका वा जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणाऱ्या पालकाची अपेक्षा आज दुहेरी असते. मुलाने मराठीतून शिकावे आणि त्याला इंग्रजीही यावे. पहिली अपेक्षा कितपत पूर्ण झाली, हे घरातल्या घरात समजते. दुसरीबाबत मात्र बहुसंख्य पालकांच्या हाती प्रगतिपत्रकावरील एक श्रेणी वा आकडा एवढेच साधन असते. त्या आकड्यावर पुढे सेमी इंग्रजीची तुकडी, दहावीनंतरची शाखा आणि अनेकदा मुलाचा आत्मविश्वासही ठरतो. म्हणूनच तो आकडा नेमके काय मोजतो, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पाचवीवरून पहिलीवर

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजीचा श्रीगणेशा पूर्वी पाचवीत होत असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालच्या जूनपासून तो पहिलीपासून सुरू झाला. त्या निर्णयावर मोठा वाद झाला. बालवयात दुसऱ्या भाषेचा भार नको, असे एका बाजूचे म्हणणे होते. तर इंग्रजीवाचून बहुजनांची मुले मागे राहतात, असे दुसऱ्या बाजूचे. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व उर्वरित विषय मराठीतून शिकविणारी सेमी इंग्रजी पद्धत प्राथमिक शाळांपर्यंत उतरली. अलीकडच्या काळात 'बालभारती'ने पहिलीसाठी एकात्मिक, द्विभाषिक पाठ्यपुस्तकेही काढली आणि मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा आली.

पंचवीस वर्षांत शिकविण्याच्या पद्धतीत इतके बदल झाले. इंग्रजी किती आले हे मोजण्याची पद्धत मात्र त्या गतीने बदलली नाही. प्रश्नोत्तरे, रिकाम्या जागा, जोड्या लावा आणि पाठ केलेला निबंध या चौकटीत अडकलेली परीक्षा मुलाची स्मरणशक्ती मोजते. न पाहिलेला मजकूर त्याला समजतो का, अनोळखी माणसाशी चार वाक्ये बोलता येतात का, मनातील विचार इंग्रजीत मांडता येतो का, याचे उत्तर अशा परीक्षेतून मिळत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ मध्ये नेमकी हीच उणीव दाखविण्यात आली होती. भाषेचे मूल्यमापन विशिष्ट पाठ्यक्रमाला जखडून न ठेवता प्रत्यक्ष भाषाप्रभुत्वाचे मोजमाप करणारे असावे, अशी त्याची शिफारस होती.

घरची भाषा, शाळेची भाषा

सरकारी शाळेतील मूल म्हणजे घरी मराठी आणि वर्गात थोडे इंग्रजी, असे सरसकट मानले जाते. कोल्हापूर जिल्ह्याचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ या सीमेलगतच्या तालुक्यांत घरी कन्नड बोलणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांसाठी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते. इचलकरंजीत यंत्रमागावरील कामासाठी उत्तरेतून आलेल्या कामगारांची मुले घरी हिंदी वा भोजपुरी बोलतात. शहरातील उर्दू शाळांतील मुलांची गोष्ट आणखी वेगळी. गळीत हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले तर वर्षाच्या मध्येच वर्गात दाखल होतात आणि पट्टा पडला की निघून जातात.

या सर्वांच्या हाती एकच प्रश्नपत्रिका पडते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मातृभाषा' हा रकाना असतो. प्रवेशाच्या दिवशी तो भरला जातो. पण इंग्रजीच्या मूल्यमापनात त्या नोंदीचा उपयोग करण्याची पद्धत नाही. ज्या मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत विचारला जातो, त्याला तो मराठी शब्द तरी ठाऊक आहे का, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो.

चाचण्या अनेक, चित्र अपुरे

मुलांच्या चाचण्या कमी होतात असे नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यानंतर राज्य शासनाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. आकारिक आणि संकलित असे तिचे दोन भाग आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा साधनांतून वर्षभर नोंदी ठेवणे त्यात अपेक्षित आहे. भाषेसाठी ही कल्पना उत्तम होती. मात्र, नोंदवही भरणे हे काम होऊन बसले की 'सुस्पष्ट उच्चार करतो', 'संभाषणात भाग घेतो' अशी तयार वाक्ये वर्गभर फिरतात आणि कोणत्या मुलाला काय येते, हे त्यांतून कळेनासे होते.

'स्टार्स' प्रकल्पांतर्गत २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. प्रारंभी तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांत राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेद्वारे चाचणी घेण्यात आली. इंग्रजीकडे राज्यस्तरावर स्वतंत्रपणे पाहिले गेले, ही त्यातील जमेची बाजू. शिष्यवृत्ती परीक्षेतही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे प्रश्न असतात. या परीक्षेची कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांत कसून तयारी करून घेतली जाते. मात्र ती पूर्णतः बहुपर्यायी आहे. चार पर्यायांतून अचूक पर्याय ओळखणारे मूल स्वतःचे एक वाक्य लिहू शकेलच, याची हमी ती देऊ शकत नाही.

राष्ट्रीय पातळीवरही इंग्रजीचा हिशेब तुटकच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या मुलांची भाषा तपासली गेली ती माध्यमाची. इंग्रजी हा वेगळा विषय केवळ दहावीसाठी होता. म्हणजे पहिलीत सुरू झालेल्या विषयाची स्वतंत्र राष्ट्रीय तपासणी थेट दहाव्या वर्षी झाली.

या पार्श्वभूमीवर 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. २००५ पासून होत आलेल्या या सर्वेक्षणात ग्रामीण भागातील मुलांची त्यांच्या घरी जाऊन एकेकट्याने चाचणी घेतली जाते. काही वर्षी त्यात इंग्रजीचाही समावेश होतो. मोठी लिपी, छोटी लिपी, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये अशा चार पायऱ्या असतात. जे मूल शब्द वा वाक्य वाचते, त्याला त्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगायला लावले जाते. २०२२च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. २०१६ मध्ये हेच प्रमाण २४.७ टक्के होते. आठवीत ते ४५.३ वरून ४६.७ टक्क्यांवर गेले. आठ वर्षे शाळेत काढूनही निम्म्याहून अधिक मुलांना साधी वाक्ये वाचता येत नाहीत, ही गोष्ट प्रगतिपत्रकांतून इतक्या स्पष्टपणे कधीच पुढे आली नव्हती.

वीस गुणांचा धडा

बोलण्याचे मोजमाप किती अवघड असते, याचा धडा महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत घेतला आहे. भाषा विषयांना ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा होती. तोंडी परीक्षा शाळेतच होत असल्याने गुण सढळ हाताने दिले जातात, अशी तक्रार होती. त्यामुळे २०१८-१९ या वर्षी तोंडी परीक्षा रद्द होऊन पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा झाली. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर घसरला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सारी घसरण एकाच कारणाच्या माथी मारता येणार नाही. मात्र पालक आणि शाळांतून ओरड झाली आणि पुढील वर्षी तोंडी परीक्षेचे २० गुण परत आले.

या घडामोडीत एक गोष्ट सुटली. तोंडी परीक्षा असावी की नसावी, यावर चर्चा झाली. ती कशी घ्यावी, यावर फारशी झाली नाही. गुण फुगतात म्हणून बोलण्याची परीक्षाच काढून टाकली, तर शिक्षक वर्गात बोलायला शिकविणे थांबवितात. ती ठेवली आणि निकष ठरविले नाहीत, तर २० पैकी १८ या आकड्याला अर्थ उरत नाही. दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत न शिकविलेला उतारा आणि माध्यमाच्या भाषेत अनुवाद यांना स्थान मिळाले, हा मात्र स्वागतार्ह बदल होय. इंग्रजी वाक्याचा मराठीत अनुवाद करणारे मूल अर्थ समजल्याचा पुरावाच देत असते.

गणित चुकले की इंग्रजी?

सेमी इंग्रजीच्या वर्गात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. समजा, सहावीच्या प्रश्नपत्रिकेत दोन संख्या देऊन त्यांचा 'प्रॉडक्ट' काढण्यास सांगितले आहे. मुलाला 'प्रॉडक्ट' म्हणजे दुकानातील वस्तू एवढेच ठाऊक असेल, तर गुणाकार तोंडपाठ असूनही त्याचे उत्तर कोरे राहील. 'व्हॉल्यूम' त्याच्या लेखी दूरचित्रवाणीचा आवाज असतो, गणितात तो घनफळ होतो. 'टेबल' घरी लाकडाचे, वहीत कोष्टकाचे. 'मीन' हे क्रियापद म्हणून शिकलेल्या मुलासमोर तोच शब्द सरासरी होऊन येतो. रोजच्या वापरातील ओळखीचे शब्दच विषयात शिरताच अनोळखी होतात.

अशा वेळी गणितात मिळालेला शून्य हा गणिताचा की भाषेचा, हे उत्तरपत्रिका सांगत नाही. शिक्षकाने तोच प्रश्न मराठीतून तोंडी विचारला आणि मुलाने झटकन उत्तर दिले, तर दोष कोठे आहे ते दोन मिनिटांत उघड होते. मराठीतूनही उत्तर आले नाही, तर संकल्पनाच पुन्हा शिकवावी लागेल. दोन्ही मुलांचे गुण सारखे असले, तरी त्यांची गरज पूर्णतः वेगळी असते. हा फरक न करता पहिल्या मुलाला 'गणितात कच्चा' ठरवून सेमीच्या तुकडीतून बाहेर काढणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे असा प्रकार होतो.

अमेरिकेत अशा चुकीची मोठी किंमत मोजावी लागली. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या काही मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसविण्यात आले होते. त्यांच्या भाषेतून पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेक मुले तशी नसल्याचे आढळले आणि १९७० मध्ये 'डायना' खटल्यातून मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतूनही घेण्याचे बंधन आले. सॅनफ्रान्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढचे पाऊल टाकले. न समजणाऱ्या भाषेतील वर्गात सर्वांना सारखीच पुस्तके व सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आज तेथील सरकारी शाळांत घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजीची प्रवेशावेळी आणि त्यानंतर दरवर्षी ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे अशी चारही अंगांनी चाचणी होते.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत समवयस्कांची बरोबरी करण्यास पाच ते सात वर्षे लागतात. हा हिशेब सभोवती सतत इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलांचा आहे. राधानगरी वा शाहूवाडीतील वाडीवर राहणाऱ्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ते प्रामुख्याने इंग्रजीच्या तासाला. त्याच्याकडून त्याच वेगाची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या भाषेत वाचन पक्के झालेले मूल दुसऱ्या भाषेत लवकर सावरते, हेही कमिन्स यांच्या मांडणीचे सूत्र आहे. मराठी कच्चे ठेवून इंग्रजी पक्के करण्याचा खटाटोप म्हणूनच अंगाशी येतो.

चूक काय सांगते?

द्विभाषिक मुलाच्या चुका तपासताना लाल शाईइतकीच कानाचीही गरज असते. मराठीत 'ए', 'अ‍ॅन', 'द' अशी उपपदे नाहीत. त्यामुळे ती गळणे स्वाभाविक आहे. 'शिप' आणि 'शीप' यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मराठी बोलण्यात अर्थ बदलण्याइतका महत्त्वाचा नसतो. म्हणून तो उच्चारात निसटतो. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन. मराठीत खुर्ची 'ती' असते, म्हणून तिच्याविषयी 'शी' लिहिले जाते. घरी कन्नड बोलणारे मूल 'बस'चे 'बस्सु' करते, कारण कन्नडात शब्दाच्या शेवटी स्वर लावण्याची रीत आहे.

या चुका मुलाच्या अज्ञानाच्या खुणा मानल्या, तर गुण कापून विषय संपतो. त्या घरच्या भाषेतून पुढच्या भाषेत जाणाऱ्या वाटेवरील खुणा मानल्या, तर मूल कोठवर पोहोचले आणि पुढे काय शिकवावे, हे शिक्षकाला कळते. 'गोड' हे विशेषण माहीत असलेले मूल आणि पाठ केलेले वाक्य ओकणारे मूल यांत पहिल्याचे वाक्य मोडके असू शकते, पण भाषा त्याच्याकडेच अधिक असते. 'काल मी आजोळी गेलो' हे स्वतःच्या मनाने 'यस्टर्डे आय गो ग्रँडमदर हाउस' असे लिहिणाऱ्या मुलाला भूतकाळाचे रूप तेवढे शिकवायचे उरलेले असते. सांगण्यासारखे काही आणि ते सांगण्याचे धाडस त्याच्याकडे आहे.

मग मोजावे कसे?

यासाठी मोठ्या खर्चाची वा संगणकाची गरज नाही. चार पथ्ये पाळली तरी चित्र पुष्कळ स्पष्ट होईल. पहिले, ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांची नोंद स्वतंत्र असावी. चारही मिळून एक श्रेणी दिली की ऐकून सारे समजणारे. पण लिहिता न येणारे मूल त्यात हरवून जाते. दुसरे, चाचणीतील मजकूर पाठ्यपुस्तकाबाहेरचा; मात्र त्याच पातळीचा असावा. तिसरे, समजणे आणि मांडणे वेगळे तपासावे. छोटी इंग्रजी गोष्ट वाचून ती आधी घरच्या भाषेत, मग जमेल तशी इंग्रजीत सांगायला लावली, तर आकलन किती आणि अभिव्यक्ती किती, हे एकाच प्रयत्नात कळते. चौथे, बोलण्याच्या परीक्षेला लेखी निकष असावेत. एका शब्दात उत्तर, तुटक वाक्य, पूर्ण वाक्य, सलग चार वाक्ये अशा पायऱ्या ठरल्या, तर दोन शिक्षकांचे गुण एकमेकांशी जुळू लागतात.

अडचण वेळेची आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटे दिली, तरी दोनशे मिनिटे, म्हणजे जवळपास सहा तासिका लागतात. चंदगड, गगनबावड्यातील द्विशिक्षकी शाळांत पट कमी असल्याने मुलांना वेळ देणे शक्य असते. पण तेथे एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असतात. रोज दोन-तीन मुलांशी बोलून सत्रभरात नोंद पूर्ण करणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग आहे. आकारिक मूल्यमापनाच्या नियमांत त्याला वाव आहेच. स्वतः मराठी माध्यमातून शिकलेल्या शिक्षकांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, हेही वास्तव आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने राज्यात राबविलेल्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट नियमित एकत्र येऊन सराव करीत. मुलांच्या बोलण्याचे मोजमाप कसे करावे, याचा सरावही अशाच गटांतून होऊ शकतो.

दहावीनंतर विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्यासमोर अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सारे काही इंग्रजीतून येते. 'नीट' २०१७ पासून मराठीतूनही देता येते; परंतु वर्गातील अध्यापन आणि पुस्तके इंग्रजीच राहतात. दहावीला इंग्रजीत ऐंशी गुण मिळविलेला विद्यार्थी तेथे गोंधळला, तर तो स्वतःलाच दोष देतो. त्याला किती इंग्रजी येते, हे दहा वर्षांत कोणी नीट सांगितलेलेच नसते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून ज्या मुलांना शाळेच्या दारात आणले, त्यांचीच पणतवंडे आज दोन-तीन भाषांचे ओझे वाहत वर्गात बसली आहेत. त्यांना गुणांबरोबर खरा अंदाजही मिळाला, तर पुढची वाट त्यांना स्वतःच्या बळावर निवडता येईल.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

* इंग्रजीच्या श्रेणीत ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांपैकी कशाचे गुण किती आहेत?
* पुस्तकाबाहेरचा सोपा उतारा मूल वाचते का? वाचलेल्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगते का?
* सेमी इंग्रजीत गणित वा विज्ञानात गुण कमी पडले असतील, तर तोच प्रश्न मराठीतून विचारून पाहिला आहे का?
* गेल्या सत्रापेक्षा मुलाला आता नेमके काय अधिक येते?
* मराठी वाचन पक्के झाले आहे का? ते कच्चे असेल, तर प्रथम त्याकडे लक्ष देण्याचा आग्रह धरावा.